तोललं की वाळतं

काल विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मावशी. केशोरीतलं कुणी घरी राहिलं असेल असं वाटलं नाही. तुझ्या अंगणवाडीत नाक पुसत बसलेली पोरं आता मिशा फुटलेली, कडेवर लेकरं घेतलेली अशी येऊन दाराशी चपला काढत होती. वंदना झाली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या आणि मग एकेक जण बोलायला उठला. माजी सरपंच म्हणाले, "बाई मनानं लय मोठ्या होत्या, पन शरीराकडं ध्यान नाही देलं त्यायनं." तुझ्या शेजारणीनं पदर डोळ्याला लावून सांगितलं, "वजनानं नेलं बापा माझ्या बाईले." तिसऱ्या एका शहाण्यानं तर तरुण पिढीनं पहाटे उठून फिरायला जावं असा संदेशच दिला. तुझ्या फोटोसमोर उभं राहून. मग त्यांनी माझं नाव घेतलं. मी उठले, माइक हातात घेतला, आणि तसाच परत देऊन बसले. लोकांना वाटलं पोरीचा गळा दाटला. गळाबिळा काही दाटला नव्हता. मला इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर विहारात शिव्या निघाल्या असत्या.

म्हणून हे लिहिते आहे. तुझ्या ओटीपोटात गाठ होती, मावशी. वेळेवर हात लावून पाहिली असती तर कदाचित निघालीही असती. त्या गाठीचा उल्लेख काल कुणाच्याच तोंडी आला नाही. सगळ्यांनी मिळून तुझ्या देहालाच आरोपी ठरवलं. आणि मी, तुझ्या सख्ख्या बहिणीची तुझ्यासारखीच धिप्पाड पोरगी, खाली सतरंजीवर बसले होते. बोलणाऱ्याची नजर तुझ्या फोटोवरून निघायची आणि माझ्यावर येऊन थांबायची. ज्या देहाकडे पाहून मी माझ्या देहात राहायला शिकले, त्याच देहाकडे बोट दाखवून लोक मला सांगत होते, बघ, अशी राहू नकोस. हे मला गिळवत नाही. आणि खरं सांगायचं तर भांडण नुसतं त्यांच्याशी नाही. थोडं तुझ्याशीही आहे. ते अर्धंच राहिलं.

एकोणीसशे नव्याण्णवचा उन्हाळा आठवतो? मी आठवी संपवून आले होते. अर्जुनीच्या शाळेत मला सगळे 'मोटी' म्हणायचे, मास्तरसुद्धा. वर्गात मोठी नकाशाची गुंडाळी आणायची असली की, "ए मोटी, तू आन, तुले झेपन." मी रात्रीचं जेवण सोडलं होतं. आईला वाटलं पोरीला काही लागीर झालं, आणि तिनं मला एस.टी.त बसवून तुझ्याकडे आणलं. आई म्हणजे तुझी सुमी, वाऱ्यानं उडेल अशी. तुम्ही दोघी एका आईच्या पोटच्या आहात हे कुणाला सांगितलं तर लोक हसायचे.

तू मला पहिल्याच दिवशी काही विचारलं नाहीस. दुपारी अंगणवाडी बंद केलीस आणि म्हणालीस, "चाला, तलावात." मी म्हटलं मला पोहता येत नाही. तू म्हणालीस, "पोहाले कोन सांगते?" कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर तू सरळ पाठीवर आडवी झालीस. लुगडं पाण्यावर फुगलं, आजूबाजूला कमळाची पानं, आणि मध्ये तू डोळे मिटून निवांत पडलेली, जशी काही घरच्या खाटेवर आहेस. आई काठावरून ओरडत होती, "बुडशीन व बाई!" तू डोळे न उघडता तिला हाक मारलीस, "ये व सुमे तू बी." आई आली, आडवी झाली आणि दगडासारखी खाली गेली. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उठली. तू इतकी हसलीस की तूच बुडायची वेळ आली.

मग माझ्या पाठीखाली हात देऊन म्हणालीस, "पोट वर कर. अंदर काऊन ओढून राहिली? पोटच तं तरंगवते आपल्याले." मी पोट सोडलं. किती महिन्यांनी सोडलं होतं कोण जाणे. शाळेत, रस्त्यावर, घरी, सगळीकडे मी ते श्वास धरून आत घेऊन चालायची. तू हात कधी काढून घेतलास मला कळलं नाही. मी तरंगत होते, आणि कानात पाणी असल्यामुळे जगात कुणीच काही बोलत नव्हतं. त्या संध्याकाळी तुझ्या घरी मी भात दोनदा मागून घेतला. तू वाढलास आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस.

त्या वयात मी सारखी शोधत असायची, माझ्यासारखी कुणी दिसते का. टीव्हीवर जाडी बाई आली की समजायचं, आता ही खुर्चीवरून पडणार. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, तिच्यातल्या नाटकातही तेच. नायिका बाहेरगावाहून आणलेली, शेलाटी. आणि जी अंगानं भरलेली ती विनोदी पात्र, तिच्या चालण्यावरच शिट्ट्या. मासिकाच्या मुखपृष्ठावर, साडीच्या दुकानातल्या पुतळ्यावर, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातल्या आईच्या अंगावर, कुठंच माझं अंग नव्हतं. मी तुला एकदा हे सांगितलं तर तू कांदा चिरता चिरता म्हणालीस, "मंग मले पाय ना. मी का मेली हावो?" तुला ते सहज सुचलं असेल. मी मात्र त्या दिवसापासून खरंच तुझ्याकडे पाहायला लागले.

तू कशी बसतेस, कशी उठतेस, ते पाहायचे. लग्नाच्या पंगतीत तू पहिल्या रांगेत बसायचीस आणि वाढपी बुंदी घेऊन कचरला की त्याला थांबवून पुन्हा मागायचीस. मंडईत कासारीण तुझ्या हातावर बांगडी चढवता चढवता रडकुंडीला आली होती. साबण लावते, हात मऊ सोडा, असं म्हणत तिनं पार चामडी सोलली. तू हात काढून घेतलास आणि शांतपणे म्हणालीस, "हात राहू दे. मोठी बांगडी आन. औंदा नाही तं पुढच्या मंडईले आनजो, मी थांबन." ते वर्षभर तुझ्या हातात तांब्याचं एकच कडं होतं. पुढच्या वर्षी कासारीण आली ती तुझं घर विचारत आली, मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या वेगळ्या फडक्यात बांधून. तिनं त्या माझ्याही हातात भरल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा न रडता बांगड्या भरल्या.

पुढं कॉलेजात असताना सुट्टीत मी तुझ्या अंगणवाडीत यायला लागले. वजनाचा दिवस मला फार आवडायचा. आढ्याला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी, आणि झोळीत लाथा झाडणारं लेकरू. जंगलपट्ट्यातल्या पाड्यांवरून बाया यायच्या, पण काट्याजवळ यायला त्यांची तयारी नसायची. त्यांच्यात पक्कं होतं, तोललं की लेकरू वाळतं. आकडा मोठ्यानं बोलला गेला की नजर लागलीच म्हणून समजा. आधीच्या सेविका या बायांवर ओरडायच्या, अडाणी म्हणायच्या, मग बाया यायच्याच बंद व्हायच्या. तू वेगळंच केलंस. तू आकडा कधी उच्चारलाच नाहीस. काट्याकडे एकदा पाहायचीस, लेकराला आईच्या हातात द्यायचीस, आणि म्हणायचीस, "बेस हाय." जे खरंच बेस नव्हतं त्याच्या घरी संध्याकाळी एकटी चालत जायचीस, त्या आईला चुलीजवळ बसवून हळू आवाजात सांगायचीस. मी विचारलं, तू पण हे मानतेस का? तर म्हणालीस, "मी नाही मानत. पन कोनाचं वजन चारचौघात सांगू नये, इतकं तं मले समजते."

मी एकदा थट्टेत म्हटलं, मावशी, मोठा काटा पण आहे, तू उभी राहा ना. तू हात झटकलास. "मी वाळली तं गावाले कोन सांभाळन?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. तू बोलण्यात एवढी पटाईत होतीस की तुझ्या विनोदामागे काही आहे असं शोधावंसंच वाटायचं नाही.

मग ती ग्रामसभा. मी तिथं होते, मागच्या रांगेत तुझ्याशेजारी. गावातली काही लेकरं कमी वजनाची निघाली होती आणि वरून विचारणा झाली होती. एक पुढारी उठला, तुझ्याकडे न पाहता सभेकडे पाहत म्हणाला, "गावचे लेकरं वाळून राहिले अन बाई फुगून राहिली. मंग पोषन आहार जाते कुठं?" हशा पिकला. असा हशा मी नाटकातही ऐकला नव्हता. तुझं लेकरू नाही, तू घरी एकटी नवऱ्यासोबत, म्हणजे खाणार तूच, हे सगळं त्या हशात होतं. तू उठलीस. मला वाटलं आता त्याची काही खैर नाही. तू म्हणालीस, "उद्या सकारी या, भाऊ. चूल तुमी पेटवा, भात तुमी वाढा, मी बसून पाहान." तो काही आला नाही. गावात तुझ्या उत्तराचं कौतुक झालं. आईनं अर्जुनीत दहा जणींना ते सांगितलं. मीही सांगितलं.

पण त्या दिवसानंतर तू अंगणवाडीत घास खाल्ला नाहीस, मावशी. पाणीसुद्धा घरून पिऊन यायचीस. सकाळपासून लेकरांना भरवायचीस, त्यांची तोंडं पुसायचीस, आणि दुपार टळून गेल्यावर घरी येऊन गपचूप ताट घेऊन आत बसायचीस. मी विचारलं, काऊन व मावशी, भूक नाही लागत का? तू म्हणालीस, "लेकरायसमोर घास उतरत नाही आता." मी म्हटलं, त्या हलकटाचं बोलणं मनाला लावून घेतलंस का? तू म्हणालीस, "मनाले लावाले मले टाइम कुठं हाय." विषय संपला. तुझ्याशी विषय असेच संपायचे.

माझ्या लग्नाच्या बोलणीत तर तू कहर केलास. देवरीकडचे पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, मग मुलाचे काका आईला म्हणाले, "मुलगी शिकली आहे, स्वभावानं चांगली आहे. लग्नाला वेळ आहे, तोवर थोडी कमी झाली तर बरं." आई मान हलवायच्या बेतात होती. तू मध्येच विचारलंस, "पोरगी पाहाले आले का बकरी तोलाले?" पाहुणे चहाचे कप खाली ठेवून गेले. आई तुझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. "तुयामुळं माझी पोरगी घरात राहिली," असं तिनं तुला तोंडावर सांगितलं. मी घरात काही राहिले नाही. गोंदियाला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, खोली केली, स्वतःच्या पैशानं स्वतःच्या मापाचे कपडे शिवून घेतले. आईचा राग मला कळतो. तिला जगाशी जमवून घ्यायचं होतं आणि तुला नव्हतं. मी तुझ्या बाजूला होते, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

गोंदियात हाताशी इंटरनेटवाला फोन आला आणि मला कळलं की जगात आपल्यासारख्या बाया आहेत. रंगीत कपडे घालून, दंड उघडे टाकून, फोटोत सरळ डोळ्यात पाहणाऱ्या. आपलं अंग आहे तसं चांगलं आहे असं त्या बोलायच्या. मी एकटीच खोलीत बसून ते पाहत असायची, हावऱ्यासारखी. पुढच्या खेपेला केशोरीला आले तेव्हा तुला दाखवायचं हे डोक्यात पक्कं होतं. तुझ्या अंगणात आपण दोघी बसलो, मी एकेक फोटो सरकवत गेले. तू चष्मा लावून बराच वेळ पाहिलंस. एकीच्या पिवळ्या कपड्यांवर खूश झालीस. मग फोन माझ्या हातात देऊन विचारलंस, "अन यायचं पोट दुखलं तं डॉक्टर यायले का म्हनते?"

मी विचारलं, "तुझं दुखतं का?" तू उठून कोंबड्यांना हुसकायला गेलीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी दर फोनला विचारायची. गोंदियाला ये, चांगली डॉक्टरीण आहे, मी सोबत येते. तू कधी म्हणायचीस धानाचे रोवणे आहेत, अंगणवाडी बंद कशी ठेवू, कधी म्हणायचीस मावसाजींना ताप आहे. मी चिडून म्हटलं, तू मला लाज सोडायला शिकवलीस आणि स्वतः डॉक्टरला घाबरतेस. तू फोन ठेवलास. नंतर एकदा म्हणालीस, "पोट हाय, दुखनच. वय झालं आता." तुझं वय ते किती! माझ्या आईपेक्षा थोडीशी मोठी.

आणि मग तू बारीक व्हायला लागलीस. हात सुकले, गालाची हाडं वर आली, पोट तेवढं फुगत गेलं. पोटाचं कुणाला काही वाटलं नाही, तुझं पोट कधी लहान होतं? बाकीच्या अंगाचं मात्र गावानं कौतुक केलं. बाया तुला थांबवून विचारायच्या, काय खाता बाई, आम्हालाही सांगा. माजी सरपंचांनीही म्हणे तुला शाबासकी दिली. आणि तू मला फोन करून सांगितलंस, "वैशे, माह्या बांगड्या ढिल्या झाल्या व. दिवसभर खनखन वाजून राहिल्या." तुझ्या आवाजात आनंद होता. मी तो आवाज ओळखते, मावशी. तो मला फार लागला. मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसले. जी बाई मोठ्या बांगडीसाठी वर्षभर थांबली, ती बाई दुखण्यानं खाल्लेल्या हाताचं कौतुक करत होती.

हे तुला माफ करायला मला जमत नाही. म्हणजे इतकी वर्षं तुला हेच हवं होतं का? मग तलावात मला जे शिकवलंस ते काय होतं? मी हे तुला विचारणार होते. दुसऱ्या दिवशी गाडी करून आले, तुला उचलून नागपूरला नेलं, आणि मग विचारायचं राहून गेलं.

नागपूरच्या डॉक्टरणीनं तुझ्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. बाहेर येऊन मला म्हणाली, आधी कुणी तपासलं नाही का? मी म्हटलं ती गेलीच नाही कुणाकडे. वॉर्डात परत आले आणि तुला सांगितलं तर तू छताकडे पाहत म्हणालीस, "गेली होती व."

गेली होतीस. दोन वर्षांपूर्वी, मला न सांगता, एस.टी.नं तालुक्याच्या गावी, एका खासगी दवाखान्यात. बाहेरच्या बाकड्यावर तुझ्याच पाड्यांवरच्या बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. कंपाउंडरनं तुला सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं आणि आतल्या डॉक्टरला ऐकू जावा म्हणून आकडा ओरडून सांगितला. मग जीभ चावल्यासारखं करून हसला. बाकड्यावरच्या बायांनी खाली पाहिलं. डॉक्टरनं तुला खुर्चीवरही बसवलं नाही. म्हणाला, वजन कमी करा, पोट दुखायचं आपोआप थांबेल. हात लावला नाही. तू म्हणालीस, "त्या बाया माह्यासाठी खाली पाहून राहिल्या होत्या व वैशे. मी जल्मात त्यायच्या एकाही लेकराचा आकडा मोठ्यानं नाही बोलली." तो आकडा तू मला सांगितलास. मी तो इथंही लिहिणार नाही.

मला वाटायचं तुला लाज नाहीच. मी त्याच्यावर सगळं उभं केलं होतं. तुला होती. तू ती रोज उचलून बाजूला ठेवायचीस आणि मग घराबाहेर पडायचीस, आणि एके दिवशी कुणीतरी ती पुन्हा तुझ्या डोक्यावर आणून ठेवली. हे मला आधी कळलं असतं तर माझ्या मनातली तू थोडी लहान झाली असतीस, असं तुला वाटलं का? नसतीस झाली. आज तू मला जास्तच मोठी वाटतेस, आणि हे ऐकायला तू नाहीस.

औषधाचं प्रमाण ठरवायला नर्स काटा घेऊन आली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी सलाइनची बाटली धरली, तू माझ्या खांद्यावर हात टेकून हळूहळू वर चढलीस. नर्सनं वाचायला तोंड उघडलं, मी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः वाकून पाहिलं. तू विचारलंस, "किती हाय?" मी म्हटलं, "बेस हाय, मावशी." तू हसलीस आणि मग माझ्या खांद्यावर तोंड ठेवून रडलीस. मी तुला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तुझ्या पाठीवरून हात फिरवत मी तिथंच उभी राहिले, नर्सही बिचारी थांबली.

पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

तुला घेऊन आम्ही केशोरीला आलो तेव्हा गावानं तयारी करून ठेवली होती. बांबू तोडून तिरडी बांधलेली होती, नेहमीच्या मापाची. बांधणाऱ्याची चूक म्हणवत नाही. बाई बारीक झाली, बाई बारीक झाली, असं गावभर इतकं झालं होतं की त्यानं तेच धरलं. पांढऱ्या कापडात तुला ठेवलं तर तुझे दोन्ही हात बांबूच्या बाहेर गेले. पोटात पाणी भरलेलं, खांदे तर तुझे जन्माचेच रुंद. दोघांनी तुझे हात छातीवर दाबून दोरीनं आवळायला घेतले. दोरी तुझ्या दंडात रुतताना मी पाहिली. मागं कुणीतरी तोंडावर रुमाल धरला, आणि तो रडायला धरलेला नव्हता.

मी म्हटलं, "सोडा ती दोरी. रुंद बांधा."

एक जण समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, रुंद बांधली तं खांद्याले जमत नाही. ट्रॅक्टर सांगतो, ट्रॉलीत नेऊ आरामात." मी म्हटलं, ट्रॉली धानाच्या पोत्यांना असते. ती खांद्यावरून जाईल. तो म्हणाला, "मानसं पुरत नाही ना ताई इतक्याले." म्हणाला तो एवढंच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तेवढ्यात मावसाजी उठले. भिंतीला लावलेली कुऱ्हाड उचलली आणि घरामागच्या बांबूच्या बेटात गेले. आम्ही सगळे तिथून येणारा आवाज ऐकत उभे होतो. बांबू त्यांनी स्वतःच ओढत आणले. तुझ्या शेजारी जमिनीवर अंथरून, तुझ्या खांद्यांकडे पुन्हा पुन्हा पाहत त्यांनी तिरडी बांधली. मग दोरी सोडवून तुझे हात त्यांनी तुझ्या अंगालगत सरळ, मोकळे ठेवले.

रुंद तिरडीला खालून माणसं जास्त लागतात, हे खरंच होतं. पुरुष चार कोपऱ्यांना लागले आणि मधे जागा उरली. मी पदर खोचून मध्ये गेले. मग दाराशी बसलेल्या पाड्यांवरच्या बाया उठल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. एक आली, तिच्यामागे दुसरी, लेकरं दुसरीच्या कडेवर देऊन तिसरी. कुणीतरी कुजबुजलं, बायांचा खांदा? आपल्यात चालतं, असं विहारातल्या म्हाताऱ्या बाबांनी दटावलं. शेवटी माझी आई आली. काडीसारखी, तुझ्याशी कित्येक दिवस न बोललेली. माझ्यासमोरच्या बांबूखाली येऊन उभी राहिली.

उचललं तेव्हा माझ्या गुडघ्यांतून कळ गेली. तू जड होतीस, मावशी. हा शब्द मी आयुष्यभर टाळला, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. स्मशानाच्या वाटेवर शेतांच्या बांधावरून चालताना बांबू हाडात रुतत होता, पुढच्या बाईचा श्वास मला ऐकू येत होता. अर्ध्या वाटेवर आई धापा टाकत, रडत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जड हाय व माही बाई." मी म्हटलं, "हाव." मागच्या बायाही म्हणाल्या, "हाव, जड हाय." वाटेत ठिकठिकाणी माणसं खांदा बदलायला पुढं येत होती. बायांपैकी कुणीच खांदा सोडला नाही.